राऊंडहाऊस किक: कराटेची, तायक्वांदोची, मुए थाईची... आणि माझा डावा गुडघा

घोडबंदरकर
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात सध्या तीन वेगवेगळ्या राऊंडहाऊस किक (बाजूने फिरवून मारायची आडवी लाथ) नांदताहेत. रोज जेवणं झाली की त्यावरून हॉलमध्ये वाद होतो. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. पाचवी ते दहावी, म्हणजे १९९४ ते २०००, मी नौपाड्यात एका शाळेच्या सभागृहात शोटोकान कराटे शिकलो. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलो. मग बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, आणि कराटेचा ड्रेस माळ्यावर गेला. आठ महिन्यांपूर्वी कासारवडवलीजवळच्या एका जिममध्ये मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग, सुरू केलं. पहिल्याच दिवशी पॅडवर मावाशी गेरी (कराटेतली राऊंडहाऊस) मारून दाखवली. सरांनी पॅड खाली घेतलं आणि म्हणाले, "दार वाजवू नका, दार पाडा." तेव्हापासून ती एकच किक पहिल्यापासून शिकतोय. तिकडे मुलगी (वय ११) सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तायक्वांदो शिकते आणि तिची किक या दोन्हींपेक्षा निराळी.

मला जे दिसतं ते असं. कराटेत गुडघा आधी बाजूने वर येतो, खुबा फिरतो, गुडघ्यातून पाय झटक्यात सुटतो आणि तितक्याच झटक्यात परत येतो. लागतो तो चवडा किंवा पावलाचा वरचा भाग. मुलीचा गुडघा सरळ समोरून वर येतो. किक सरळ येणार की आडवी, हे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. मुए थाईत गुडघ्यातला झटका जवळजवळ नाहीच. अख्खा पाय कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा खुब्यातून फिरतो आणि नडगी बसते.

दोन प्रश्न आहेत. ही मुळात एकच किक आहे आणि शिकवण्याच्या पद्धती तीन, की किकच तीन आहेत? आणि दुसरा: उजव्या पायाने किक मारताना माझा डावा गुडघा, म्हणजे ज्यावर उभा असतो तो, आतल्या बाजूने दुखतो. सहा आठवडे झाले. एक्स-रे स्वच्छ आहे, डॉक्टरांनी विश्रांती घ्या सांगितलं. घेतली, थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा दुखलं. शाळेत सहा वर्षांत एकदाही दुखला नव्हता. वय म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही.

---

वाशीचा_पक्या
सोमवार, रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या.

---

निळा_पट्टा
सोमवार, रात्री १०:५१

काका, मी नेरूळला राहतो, सातवीपासून तायक्वांदो करतोय, सध्या एसवाय. तुमच्या मुलीची बाजू घेतो.

आमची किक अशी का, हे गुणांवरून समजतं. छातीच्या गार्डवर ठोसा बसला तर १ गुण, किकला २, डोक्यावरच्या किकला ३. गिरकी घेऊन मारली तर गार्डवर ४ आणि डोक्यावर ५. कमरेखाली मारायची परवानगीच नाही. मग मांडीवर नडगी हाणायला शिकून करू काय? आम्हाला लागतो वेग आणि फसवणूक. गुडघा समोरून वर आला की समोरच्याला तीन शक्यता दिसतात: सरळ, आडवी किंवा वरून खाली येणारी. तो एकीसाठी हात हलवतो, तेवढ्यात दुसरी बसते.

आणखी एक. गार्डमध्ये सेन्सर असतात, पायमोज्यातही असतात. ऑलिम्पिकमध्ये हे २०१२ च्या लंडनपासून आलं. त्याआधी पंच कानांनी ऐकून गुण द्यायचे, त्यामुळे 'फाट्' असा आवाज येईल अशी मागच्या पायाची जोरदार किक सगळे मारायचे. सेन्सर आल्यावर पुढचा पाय हवेत धरून टोचत राहण्याची पद्धत वाढली. आमच्या सरांना ती अजिबात आवडत नाही, ते तिला पायांची तलवारबाजी म्हणतात. म्हणजे बघा, एकाच खेळात, एकाच नियमावलीत, फक्त मोजायचं यंत्र बदललं तर किक बदलली.

म्हणून माझं उत्तर: तीन किक आहेत.

---

काळा_चहा
मंगळवार, सकाळी ७:०५

निळ्या पट्ट्याने छान लिहिलंय, पण त्यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. नियम काढून टाका आणि मग बघा काय उरतं.

मी कळव्याचा, क्योकुशिन. मासुतात्सु ओयामा यांची कराटेची शैली. आमच्या सामन्यात हातमोजे नाहीत, गार्ड नाही, ठोसे पूर्ण ताकदीने, फक्त चेहऱ्यावर ठोसा नाही. मांडीवर किक चालते आणि तीच सामना ठरवते. नडगी वरून खाली, तिरकी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पहिली सहन होते, तिसरीला माणूस पाय बदलतो, सहावीला तो उभा कसा राहायचं याचाच विचार करत असतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी १९७६ चा टोकियोतला मुहम्मद अली विरुद्ध अंतोनियो इनोकी सामना आठवावा. इनोकी पैलवान, १५ फेऱ्यांतला बहुतेक वेळ पाठीवर पडून अलींच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरीचा लागला, लोक चिडले, पण अलींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्यांना इस्पितळात दाखल व्हावं लागलं. जगातल्या सर्वांत चपळ पायांची ती अवस्था मांडीखालच्या लाथांनी झाली.

उंच किक दिसायला सुंदर असते. माणूस थांबतो तो खालच्या किकने.

---

शहाबाजची_मासोळी
मंगळवार, सकाळी ९:३०

घोडबंदरकर, 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' म्हणतात. तुमच्याकडे मे महिन्यात टँकर किती येतात ते माहीत आहे, तेव्हा तिन्ही प्रकार सोसायटीच्या आवारात मारून बघा. जिथे पाणी लागेल ती किक खरी. हलके घ्या.

---

तालमीतला
मंगळवार, दुपारी १:१५

मी कुस्तीवाला, त्यामुळे एकच सांगतो. पाय उचललास की पट (पाय धरून पाडण्याचा डाव) निघाला. उंच लाथ म्हणजे समोरच्याने आपणहून दिलेला एकेरी पट. आमच्या वस्तादांकडे दोन कराटेवाली मुलं यायची. पहिल्या दिवशी दोघांचेही पाय हातात आले, आणि माणूस एका पायावर उभा असला की पुढचं सांगायला नको.

---

टीप_टॉप
मंगळवार, दुपारी १:५८

तालमीतला, बरोबर आहे, आणि याच एका गोष्टीभोवती चिनी सान्दा, म्हणजे ठोसे, लाथा आणि पाडापाडी असलेली झुंज, उभी आहे. किक पकडून पाडलं तर गुण. त्यामुळे त्यांची किक आत जाऊन बाहेर येण्यात सगळ्यांत घाई करते आणि बाजूने ढकलणारी साईड किक तिथे राणी आहे, कारण ती पकडली तरी पकडणारा मागे गेलेला असतो. आपल्या मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोच्या एशियाडमध्ये, २०२३ मध्ये, सान्दातच रौप्य आणलं. ते सामने शोधून बघा. पाय पकडला जाईल ही भीती मनात असलेली किक कशी दिसते ते कळेल.

आता धागाकर्त्यांच्या मुए थाईबद्दल. मी ऐरोलीची, पाच वर्षं करतेय. नडगी का? कारण समोरचाही नडगी वर करून अडवतो. पावलाचा वरचा भाग म्हणजे बारीक बारीक हाडांची जुडी. ती कुणाच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर आपटली तर महिनाभर चप्पल घालता येत नाही (अनुभव). आणि पाय परत ओढायची घाई का नाही? कारण नीट बसलेल्या किकने समोरच्याचा तोल जातो, तो लगेच उत्तर देऊ शकत नाही. थायलंडच्या स्टेडियममध्ये पंच हेच बघतात. बरगड्यांवर बसलेली, समोरच्याला हलवणारी किक मोठी, मांडीवरची त्या मानाने छोटी. काळा_चहा, तुमची लाडकी लो किक तिथे तेवढी कमाई करत नाही.

आणि नडगीवर नडगी आपटण्याची किंमतही आहे. २८ डिसेंबर २०१३, लास वेगास, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) सामना. अँडरसन सिल्वाने लो किक मारली, ख्रिस वाइडमनने गुडघा उचलून अडवली, सिल्वाची नडगीची दोन्ही हाडं मोडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच वाइडमनने लो किक मारली आणि त्याचा स्वतःचा पाय तसाच मोडला. मी ते दृश्य दुसऱ्यांदा बघू शकले नाही.

यावरून पालकांना एक कळकळीची विनंती. आमच्या बिल्डिंगमधला चौदा वर्षांचा मुलगा आईचं लाटणं घेऊन रोज नडगीवर फिरवत बसायचा, कुठल्यातरी व्हिडिओत बघून. नडगी काळीनिळी. हाड घट्ट होतं ते हळूहळू वाढवलेल्या भाराने, महिनोन्‌महिने जड बॅगवर किक मारून. लाटण्याने फक्त कातडी आणि त्याखालचं नाजूक आवरण सुजतं. मुलं हे लपून करतात, लक्ष ठेवा.

---

निळा_पट्टा
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

काळा_चहा दादा, 'नियम काढून टाका' म्हणता, पण तुमच्याकडे चेहऱ्यावर ठोसा नाही हाही नियमच. म्हणूनच तुम्ही एकमेकांना चिकटून, छातीला छाती लावून उभे राहता. चेहऱ्यावर ठोसा आला असता तर त्या अंतरावर थांबला असता का?

---

काळा_चहा
मंगळवार, संध्याकाळी ७:१२

नाही. मान्य.

---

वाशीचा_पक्या
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धाग्यावर कुणीतरी 'मान्य' लिहिलं! संपादक मंडळ, याचा फोटो काढून ठेवा.

---

ट्रान्सहार्बरची_मनू
मंगळवार, रात्री ८:४५

सगळं वाचतेय, छान चाललंय, पण मी वेगळ्या कारणासाठी शिकले, म्हणून लिहिते.

मी रोज ठाणे-वाशी लोकलने जाते. चार वर्षांपूर्वी ठाण्याच्या फलाटावर एका माणसाचा त्रास झाला. त्यानंतर कराटे क्लास लावला आणि वर्षभरात डोक्यापर्यंत किक यायला लागली. फार आनंद झाला. मग एके दिवशी संध्याकाळी सव्वासहाच्या गाडीत उभी असताना लक्षात आलं की इथे गुडघा वर करायलाही जागा नाही. खांद्याला बॅग, पायात ओली चप्पल, अंगात कुर्ता, पावसाने चिखल झालेली जमीन. मावाशी गेरी या जागेसाठी नाहीच.

सरांना तसं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी फुमिकोमी शिकवली. समोरच्याच्या पावलावर किंवा नडगीवर टाच खाली दाबून हाणायची. गुडघा वीतभर उचलला तरी पुरतो, दोन्ही हात मोकळे राहतात, एका पायावर फार वेळ राहायला लागत नाही. गुडघ्याने जांघेत मारणंही तसंच. कराटेच्या पुस्तकात या किक मागच्या पानावर असतात आणि स्पर्धेत त्यांना गुण नाहीत. माझ्यासाठी मात्र त्याच कामाच्या. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मोठ्याने ओरडणं.

---

रेडर_सात
मंगळवार, रात्री ११:०२

अवांतर वाटेल, पण लाथांचा विषय आणि कबड्डीचं नाव नाही हे ठाण्यात बसून बघवत नाही.

मी कळवा-खारेगाव भागात पंधरा वर्षं खेळलो, चढाईपटू. आमच्याकडे साईड किक आहे, पाठ करून मारायची मागची लाथ आहे, पायाच्या बोटांनी हळूच शिवणं आहे. फरक हा की लाथ लागायला नको, शिवायला हवी. कोपरारक्षकाच्या छातीला अंगठा लागला की गुण माझा, पण मला मध्यरेषेपर्यंत जिवंत परतायचं असतं. पाय जितका लांब जाईल तितका तो पटात सापडतो, घोट्याला पकड बसते. (तालमीतला, तुमचेच भाऊबंद!) म्हणून आमची मागची लाथ मारतानाच अंग परतीच्या दिशेला वळलेलं असतं. कराटेवाल्या मित्राची उशिरो गेरी बघितली तर हुबेहूब तीच, फक्त तो टाच घुसवतो आणि मी टाच काढून घेतो.

आता जे सांगतोय ते घोडबंदरकरांसाठी. आम्ही मातीवर खेळून मोठे झालो. मातीवर अनवाणी पाय आपोआप वळतो, पायाखालची माती सरकते. नंतर स्पर्धा मॅटवर गेल्या, पायात रबरी तळाचे बूट आले. पहिल्या दोन हंगामांत आमच्या संघातल्या दोघांचे गुडघे गेले. दोघांनाही कुणी धक्का दिला नव्हता. स्वतःच वळायला गेले आणि पाऊल मॅटला चिकटून राहिलं. तुम्ही शाळेत कशावर शिकलात आणि आता कशावर उभे असता, ते सांगा.

---

सांधेजोड
बुधवार, सकाळी ६:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाचपाखाडीत काम करते. रेडर_सात यांनी जो प्रश्न विचारला तोच मी विचारणार होते.

समजा उजव्या पायाने किक मारताय. कंबर डावीकडे वळते, तिच्यासोबत डाव्या मांडीचं हाड वळतं. पाऊल जमिनीला घट्ट चिकटलं असेल तर नडगीचं हाड वळू शकत नाही. वरचं हाड फिरतंय, खालचं अडकलंय, आणि मधला गुडघा पिळला जातो. गुडघा हा मुळात बिजागरीसारखा सांधा, त्याला वाकणं-सरळ होणं जमतं, पिळणं फारसं जमत नाही. आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि आतली गादी यांच्यावर ताण येतो. एक्स-रेमध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण एक्स-रेत हाडं दिसतात.

आधी महत्त्वाचं: गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना एकदम दगा देत असेल तर हा धागा सोडून हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि एमआरआयबद्दल विचारा. यातलं काही नसेल तर मुलीला मोबाईल देऊन मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. फ्रेममध्ये फक्त डावी टाच हवी. किक लागते त्या क्षणी टाच कुठे बघतेय, तेवढंच बघा.

आणि सगळ्यांनाच: थंड अंगाने भिंतीला पाय लावून ताणत बसू नका. किकच्या आधी पाय झुलवा, पुढे-मागे, आडवे, हळूहळू उंची वाढवत. लांबलचक ताणून धरणं सराव संपल्यावर.

---

पालघाटची_सून
बुधवार, सकाळी ११:२०

सांधेजोड ताईंनी पाय झुलवणं म्हटलं आणि राहवलं नाही. मी मूळची चरईची, लग्न होऊन वाशीला मल्याळी घरात आले. सासरे लहानपणी कळरीत, म्हणजे केरळी युद्धकलेच्या आखाड्यात, जायचे.

त्या कलेत, कळरीपयट्टूत, पहिला टप्पा मैतारी, म्हणजे शरीर तयार करणं. हत्याराला हात लावण्याआधी पाय उचलायला शिकतात. नेर्काल म्हणजे सरळ पाय वर, वीतुकाल म्हणजे गोल फिरवून, कोण्काल म्हणजे तिरका. हात डोक्याच्या वर धरायचे आणि पाऊल तिथपर्यंत न्यायचं, गुडघा न वाकवता. मारण्याचा प्रश्न कितीतरी नंतर. सासरे ७४ वर्षांचे आहेत, अजून कमरेच्या वरपर्यंत सरळ पाय नेतात. जमीन मातीची, जराशी खोल खणलेली, ४२ फूट लांब, २१ फूट रुंद, आणि अंगाला तेल. रेडर दादांनी मातीचं लिहिलं ते वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, "मण्णिल तिरियुम." मातीवर वळतं.

---

सध्या_ल्योंमध्ये
बुधवार, दुपारी ३:४०

मूळ मुक्काम सीवूड्स, सध्या फ्रान्समध्ये. इथला सावात करून बघितला. बूट घालून लाथा मारण्याचा खेळ. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून होता. त्यांच्या राऊंडहाऊसला फ्वेते म्हणतात, म्हणजे चाबकासारखी. गंमत अशी की इथे नडगीने मारायला बंदी आहे, बूटच लागला पाहिजे. बुटाचं टोक बरगड्यांमध्ये बसलं की काय होतं ते मी एकदाच अनुभवलं आणि तेवढं पुरे. सपाट तळाचे बूट आणि लाकडी फरशी, त्यामुळे वळणं लोण्यासारखं.

---

कोपरीचे_काका
बुधवार, रात्री ९:१५

मी १९८६ पासून शोटोकान शिकवतो. धागाकर्त्यांना मी शिकवलेलं नाही, पण ते ज्या काळात शिकले तो काळ मला पाठ आहे.

पहिली गोष्ट, इतिहासाची. शोटोकानचे जनक फुनाकोशी गिचिन ओकिनावाहून टोकियोला आले १९२२ मध्ये. जुन्या कातांमध्ये (ठरलेल्या हालचालींच्या क्रमांमध्ये) मावाशी गेरी शोधा, जवळजवळ सापडणार नाही. उन्सु नावाच्या कातात आहे, तीही जमिनीवर आडवं होऊन. बाकी सगळीकडे माए गेरी (समोरची सरळ लाथ), फुमिकोमी, गुडघ्याच्या आसपासच्या लाथा. मनूताईंनी मागच्या पानावरची म्हणून जी सांगितली ती वयाने थोरली. उंच मावाशी गेरी आमच्याकडे नंतर रुजली, फुनाकोशींचे चिरंजीव गिगो यांच्या काळात, असं मानतात. त्यामुळे 'मूळ राऊंडहाऊस कुणाची' हा वाद मी घालत नाही.

दुसरी गोष्ट टाचेची. आम्ही मुलांना सांगायचो, उभ्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली हवी. ओरडून सांगायचो. त्याला कारण होतं. किक परत आली की लगेच ठोसा मारायचा असतो, आणि टाच उचललेल्या माणसाच्या ठोशात जोर राहत नाही. पाऊल फिरवायचं, पण सपाट. आणि ते फिरायचं, कारण आमचे बहुतेक वर्ग शाळांच्या सभागृहात, शहाबादी फरशीवर. वर्षानुवर्षं झाडून-पुसून, पोरांच्या पायांनी घासून ती फरशी आरशासारखी झालेली असायची. सपाट पाऊल त्यावर सरकत फिरायचं. आज मी स्वतः क्लबहाऊसमध्ये त्या रंगीत जिगसॉ मॅटवर शिकवतो आणि दोन वर्षांपूर्वी टाचेचा आग्रह मी सोडला. माझे जुने विद्यार्थी यावर नाराज आहेत. पण मुलांचे गुडघे माझ्या जबाबदारीवर असतात, फरशी बदलली तर शिकवणं बदललं पाहिजे.

घोडबंदरकर, सभागृहात शहाबादी होती ना?

---

घोडबंदरकर
बुधवार, रात्री ११:४८

काका, शहाबादीच होती. वाचून अंगावर काटा आला. मंचाच्या समोरचा तो भाग, जिथे आम्ही रांगेत उभे राहायचो, तिथे पाय ठेवला की आपोआप सरकायचा. पावसाळ्यात तर सर पोतं टाकायचे.

आणि आता जिममध्ये काळी रबरी मॅट आहे.

रेडर_सात, सांधेजोड, सूज नाही, अडकत नाही, दगा देत नाही. उद्या व्हिडिओ काढतो.

---

घोडबंदरकर
शुक्रवार, रात्री १०:०५

काढला. मुलीने काढला आणि तिनेच पहिल्यांदा पाहिला. म्हणाली, "बाबा, तुमची टाच उठतच नाही. पाऊल तिथेच आहे आणि तुम्ही वरून वळताय." चार किक, चारही तशाच. पाऊल जेमतेम अर्धं वळतं, टाच खाली, आणि गुडघा आत जातो ते स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसतं. आठ महिने सर 'पिव्हट, पिव्हट' म्हणत होते आणि मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मी वळतोय. पंचवीस वर्षांपूर्वीचं ओरडणं पायात बसलंय.

---

टीप_टॉप
शुक्रवार, रात्री १०:३०

छान सापडलं! आता एक करा. दहा दिवस पॅड नको, बॅग नको. भिंतीला हात टेकून नुसतं डाव्या पायाच्या चवड्यावर उठायचं आणि टाच समोर येईपर्यंत वळायचं. किक नाहीच. मग पहिलं पाऊल तिरकं बाहेर टाकून तेच. पाऊल टाकतानाच बोटं बाहेरच्या दिशेला ठेवलीत तर अर्धं वळण जमिनीला टेकण्याआधीच झालेलं असतं, गुडघ्याला काम कमी. मग हळू किक, कमरेइतकी.

---

निळा_पट्टा
शुक्रवार, रात्री १०:४४

काका, हेच तायक्वांदोत पहिल्या महिन्यात शिकवतात, चवड्यावर टाच फिरवणं. मुलीला गुरू करा. :)

---

सांधेजोड
शनिवार, सकाळी ७:१०

टीप_टॉप यांचा क्रम मला मान्य आहे. जोडीला एका पायावर उभं राहून हळू अर्धी बैठक, आरशासमोर, गुडघा आत पडू न देता. दोन्ही पायांनी. दुखलं तर थांबा.

---

तालमीतला
शनिवार, सकाळी ८:००

बैठका मी सांगणारच होतो.

---

घोडबंदरकर
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:२०

धागा वर काढतोय.

अठरा दिवस भिंतीशी वळलो. मग हळू किक. या आठवड्यात पॅडवर पहिल्यांदा पूर्ण मारली, उजव्या पायाने तीस. गुडघा दुखला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मुद्दाम लक्ष दिलं, तेव्हाही नाही. किकचा आवाज बदललाय, सरांनी पॅड धरलेला हात झटकला आणि काही न बोलता पुन्हा वर धरला.

माझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. घरी आम्ही दोघांनी तिन्ही किक शेजारी शेजारी मारून बघितल्या, व्हिडिओ काढून. गुडघ्यापासून पुढे तिन्ही वेगळ्या आहेत, निळ्या पट्ट्याचं बरोबर. कुठला भाग लागतो, पाय परत येतो की पुढे पडतो, हात कुठे असतात, सगळं त्या त्या खेळात समोरून काय येणार यावर ठरलंय. पण खुब्यापासून खाली, उभ्या पायात, मुलीची आणि मुए थाईची एकच आहे. माझी शोटोकानची तेवढी निराळी होती, आणि तीही त्या फरशीवर बरोबर होती. काका, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी माझ्या जुन्या सरांना मनातल्या मनात दोष देत बसलो असतो.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि मुलगी उपवन तलावाजवळ असू. तिथे एका बाजूला मोकळी माती आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.

---

रेडर_सात
रविवार, रात्री ९:३१

येतो. अनवाणीच.

---

टीप_टॉप
रविवार, रात्री ९:४०

मी दोन पॅड आणते. काळा_चहा, तुमच्यासाठी मांडीचं वेगळं आणू का?

---

काळा_चहा
रविवार, रात्री ९:५५

आणा.

---

पालघाटची_सून
रविवार, रात्री १०:१०

सासरे विचारताहेत, तेल आणायचं का.